माया संस्कृती : जळालेल्या पोथ्या, जिवंत भाषा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



डिसेंबर २०१२ मधील ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. २१ तारखेला जग बुडणार, माया लोकांच्या पंचांगात तसे लिहून ठेवले आहे, असे दूरचित्रवाहिन्या दिवसरात्र सांगत होत्या. चांगली शिकलीसवरलेली माणसेही हळूच विचारीत, ‘यात काही तथ्य आहे का हो?’ २१ तारीख आली आणि गेली. २२ तारखेला सकाळी दूधवाला नेहमीच्या वेळेला आला आणि जगबुडीचा विषय तेथेच संपला. दुर्दैवाने माया लोकांचा विषयही तेथेच संपला.

आपल्याकडे माया लोकांविषयी सर्वसामान्य माणसाला दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक ही जगबुडी. दुसरी गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती म्हणजे, महाभारतातील सभापर्वात पांडवांची मयसभा बांधणारा जो मयासुर, त्याचेच हे वंशज. इथून तिकडे गेलेले. मी जिथे जिथे या विषयावर बोलतो तिथे हा प्रश्न येतोच. आजही येणार, हे गृहीत धरून मी त्याचे उत्तर व्याख्यानातच देणार आहे. परंतु त्याआधी ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांची ओळख करून घेऊ.

पाण्याविना पिकवलेला मुलूख

मेक्सिकोचा आग्नेय भाग, संपूर्ण ग्वाटेमाला व बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिमेकडील पट्टा, एवढा हा मायाभूमीचा विस्तार. दक्षिणेला ज्वालामुखींचे डोंगर, मध्यभागी घनदाट अरण्य आणि उत्तरेला युकातानचे सपाट द्वीपकल्प. या युकातानची गंमत अशी, की तिथे भूपृष्ठावर नदीच जवळजवळ नाही. सगळा प्रदेश चुनखडीचा. पावसाचे पाणी पडले की खडकातून खाली झिरपून जाते. मात्र काही ठिकाणी या खडकाचे छत कोसळून खोल नैसर्गिक विहिरी तयार झाल्या आहेत, आणि वस्त्या त्यांच्या काठाने वसल्या. चिचेन इत्सा या विख्यात नगरीच्या नावाचा अर्थच ‘इत्सा लोकांच्या विहिरीचे मुख’ असा आहे.

अरण्यातील तिकाल या महानगराला तर अशी विहीरही नव्हती. तिथल्या राज्यकर्त्यांनी चौकांना आणि प्रांगणांना चुन्याचा गिलावा करून उतार दिला, आणि पावसाचा थेंब अन् थेंब मोठमोठ्या तलावांत उतरवला. त्यांतील एका तलावाच्या गाळाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की पाणी गाळण्यासाठी तिथे स्फटिकमय वाळू आणि झिओलाइट नावाचे खनिज मुद्दाम दुरून आणून टाकले होते. आज पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत हेच खनिज वापरतात.

या लोकांजवळ काय नव्हते तेही लक्षात घेतले पाहिजे. घोडा नव्हता, बैल नव्हता. ओझे वाहणारे एकही जनावर नव्हते. लोखंड नव्हते. चाकाची गाडी नव्हती. जे काही उभे राहिले ते माणसाच्या पाठीवरून वाहिलेल्या दगडांनी आणि दगडाच्याच हत्यारांनी उभे राहिले. अशा साधनांनी त्यांनी कोबा ते याशुना हा सुमारे १०० किलोमीटर लांबीचा उंच बांधीव, चुन्याने पांढरा केलेला रस्ता बांधला. ज्या रस्त्यावरून गाडी जाणार नव्हती तो रस्ता! ताबास्को प्रांतातील आग्वादा फेनिक्स येथे १.४ किलोमीटर लांबीचा प्रचंड चौथरा सापडल्याचे २०२० साली जाहीर झाले. त्याचा काळ इसवी सनापूर्वी १००० ते ८००. म्हणजे राजांची मोठी नगरे उदयास येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे एकत्र येऊन बांधकाम करीत होती.

आणि अन्न कोणते? तर मका. मक्याबरोबर त्याच शेतात घेवडा आणि भोपळा. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला कस देतो. भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल धरतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळायचा, ही तिथल्या गृहिणींची रीत. आधुनिक आहारशास्त्राने फार उशिरा शोधून काढले, की अशाने मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. नुसता मका खाणाऱ्या युरोपातील गरिबांना पुढे त्याच्या अभावाचा भयंकर रोग जडला. त्यांनी धान्य उचलले, पण ते शिजविण्याची रीत उचलली नाही.

२०१८ मध्ये ग्वाटेमालाच्या अरण्यावर विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची मोजणी झाली. २,१४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात ६१,००० हून अधिक बांधकामे दिसली. त्यावरून अभ्यासकांनी मध्यवर्ती सखल प्रदेशाची आठव्या शतकाच्या सुमाराची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी, असा अंदाज बांधला. जिथे आज केवळ झाडी दिसते, तिथे शेते होती, बांध होते, वस्त्या होत्या.

दिवसांचा हिशेब

आता त्यांच्या गणिताकडे वळू. आपल्याला दहा बोटांवरून दशमान पद्धती मिळाली. माया लोकांनी हातापायांची वीसही बोटे धरली. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, आणि शून्य म्हणजे शिंपला. एवढ्या तीन चिन्हांत सगळे व्यवहार. स्थानानुसार किंमत बदलण्याचे तत्त्व त्यांना माहीत होते. उआशाक्तुन येथील इसवी सन ३५७ च्या कालगणनेत शून्याचे चिन्ह कोरलेले आहे.

इथे थोडे थांबले पाहिजे. शून्य हा शब्द निघाला की आपली छाती फुगते आणि ती फुगावीही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करावा याचे नियम सांगितले, शून्याला संख्येचा दर्जा दिला, आणि तीच परंपरा पुढे अरबांमार्फत जगभर पोहोचली. माया लोकांचे शून्य प्रामुख्याने कालगणनेत दिसते. ते त्यांच्या अरण्याबाहेर गेले नाही. परंतु महासागरापलीकडे, आपल्याशी कोणताही संपर्क नसताना, ‘काहीच नाही’ यालाही चिन्ह हवे, हे ज्याला प्रथम सुचले असेल, त्याच्याविषयी ज्या देशाला शून्याची किंमत ठाऊक आहे त्या देशात सर्वाधिक आदर असायला हवा.

त्यांचे एक पंचांग २६० दिवसांचे. तेरा अंक आणि वीस नावे यांची ती साखळी. दुसरे ३६५ दिवसांचे. त्यात वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी पाच अशुभ दिवस. ही दोन्ही चक्रे एकमेकांत अडकवून फिरविली, की १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी, तीच जोडी पुन्हा येते. आपल्याकडे साठ संवत्सरांचे चक्र जसे फिरते तसेच हे. याखेरीज त्यांची एक दीर्घ गणना होती. तिचे स्वरूप ज्योतिषाच्या अभ्यासकांना लगेच कळेल, कारण तो सरळसरळ अहर्गण आहे. एका आरंभदिनापासून आजपर्यंत किती दिवस लोटले, एवढेच ती मोजते. हा आरंभदिन इसवी सनापूर्वी ३११४ मधील ऑगस्टमध्ये येतो. वीस दिवसांचा विनाल, ३६० दिवसांचा तुन, ७,२०० दिवसांचा कातुन आणि १,४४,००० दिवसांचा बाकतुन, या तिच्या पायऱ्या.

उदाहरण घेऊ. पालेंके नगरीचा राजा पाकाल याच्या मृत्यूची तिथी ९-१२-११-५-१८ अशी येते. नऊ बाकतुन, बारा कातुन, अकरा तुन, पाच विनाल, अठरा दिवस. बेरीज केली तर १३,८६,४७८ दिवस होतात. हे इसवी सन ६८३ मधील ऑगस्टचे अखेरचे दिवस. मृत्यूचा नेमका दिवस असा नोंदलेला राजा त्या शतकातील जगात किती देशांत सापडेल, याचा विचार करावा.

जगबुडीचे गूढही इथेच उलगडते. २१ डिसेंबर २०१२ रोजी तेरावा बाकतुन पूर्ण झाला, एवढाच त्या तारखेचा अर्थ. आपल्या मोटारीच्या मीटरवर ९९,९९९ नंतर शून्ये यावीत, तसे. गाडी त्या क्षणी मोडत नाही. पालेंकेच्याच एका लेखात इसवी सन ४७७२ मधील एका तिथीचा उल्लेख आहे. जग २०१२ मध्ये बुडणार असते, तर ही तिथी त्यांनी कशाला काढली असती?

कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ चा आणि यांचा ३११४ चा, हे साम्य दाखवून अनेक जण प्रश्न विचारतात. मी स्वतःही तरुणपणी या साम्याने हरखून गेलो होतो. परंतु आपल्या आचार्यांचा आरंभबिंदू ग्रहांच्या युतीच्या गणितातून आला आणि यांचा तेरा बाकतुनांच्या चक्रातून. दोन्ही मागे मोजत जाऊन ठरविलेले आहेत. साडेअकरा वर्षांचे अंतर हा योगायोग आहे. त्यावर इमारत उभारू नये.

आकाशनिरीक्षणातील त्यांचा खरा पराक्रम जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात जपलेल्या पोथीत पाहायला मिळतो. शुक्र पुन्हा त्याच स्थितीत येण्यास सरासरी ५८३.९२ दिवस लागतात. पोथीत ५८४ धरले आहेत. शुक्राची पाच चक्रे म्हणजे २,९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षेही तितकीच. तरीही ०.०८ चा फरक साचत जातो हे त्यांना कळले होते, कारण कोष्टकात ठराविक काळाने चार किंवा आठ दिवस वजा करण्याची सोय आहे. ग्रहणांच्या कोष्टकात ४०५ चांद्रमासांचे ११,९६० दिवस धरले आहेत. आधुनिक मापाने ते ११,९५९.८९ भरतात. दुर्बीण नाही, काचेचे भिंग नाही, घटिकायंत्र नाही; पिढ्यान्‌पिढ्या उघड्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी तेवढ्या होत्या.

मानीची होळी

अशा पोथ्या किती होत्या? त्या वडा-उंबराच्या कुळातील झाडाच्या सालीच्या कागदावर लिहीत. वर चुन्याचा पातळ थर देत आणि पंख्यासारख्या घड्या घालून ठेवीत. आज जगात त्यांतील चार शिल्लक आहेत. ड्रेस्डेन, पॅरिस आणि माद्रिद येथे प्रत्येकी एक, आणि चौथी मेक्सिकोत.

बाकीच्यांचे काय झाले, याची कथा सोळाव्या शतकातील आहे. स्पॅनिश लोकांनी १५४२ मध्ये तिहो या माया नगरीच्या अवशेषांवर मेरिदा शहर वसविले. तिथल्याच मंदिरांचे चिरे काढून चर्च आणि वाडे बांधले. दिएगो दे लांदा हा फ्रान्सिस्कन पंथाचा पाद्री या प्रदेशात धर्मप्रसाराला आला. त्याने माया भाषा उत्तम आत्मसात केली. बाप्तिस्मा घेतलेले लोक गुहांतून आपल्या जुन्या देवतांची पूजा करतात, हे कळल्यावर त्याने चौकशी मांडली. हजारो लोकांना छळून कबुलीजबाब घेतले गेले. अनेक जण त्या छळात मेले, काहींनी आत्महत्या केल्या. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी लांदाने हजारो मूर्ती फोडून जाळविल्या आणि त्यांबरोबर पोथ्याही पेटविल्या. त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले, की त्यांत सैतानाच्या भ्रमाखेरीज काही नव्हते म्हणून आम्ही त्या सर्व जाळल्या, आणि त्याचे त्या लोकांना विलक्षण दुःख झाले.

या वाक्यातला शेवटचा भाग मला नेहमी अस्वस्थ करतो. त्याला ते दुःख दिसले होते.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले ते १५६० मध्ये. मानीची होळी त्यानंतर दोन वर्षांनी. राज्ये वेगळी, एक पोर्तुगालचे आणि दुसरे स्पेनचे. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी मूर्ती रात्रीतून नदीपलीकडे हलविल्या, त्यांना युकातानच्या गुहा वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे, की त्याच वर्षी आलेले पहिले बिशप फ्रान्सिस्को दे तोराल यांनी हा छळ थांबविला, कैद्यांना सोडले आणि लांदाविरुद्ध तक्रार केली. लांदाला स्पेनला जाऊन जाब द्यावा लागला. पण तो निर्दोष सुटला आणि तोरालनंतर स्वतःच बिशप होऊन परतला.

एक माया राज्य मात्र पुढेही टिकून राहिले. अरण्यातील सरोवरात, बेटावर वसलेले इत्सा लोकांचे नोहपेतेन. ते पडले १३ मार्च १६९७ रोजी. त्या दिवसांत आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यातून औरंगजेबाच्या फौजेशी झुंजत होते. कोलंबसानंतर दोन शतके उलटून गेली होती, तोवर हे छोटे राज्य स्वतंत्र होते.

ज्यांचे घर, त्यांचे नाव नाही

पोथ्या गेल्या, लिहिणारे गेले, आणि मग वाचणारेही उरले नाहीत. अरण्यात नगरे गाडली गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय प्रवाशांना ती सापडू लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला : ही बांधली कोणी? डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या त्या सावळ्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी? छे! कोणी म्हणाले, इजिप्तच्या लोकांनी. कोणी म्हणाले, फिनिशियनांनी. कोणी इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या शोधल्या, कोणी समुद्रात बुडालेला अटलांटिस खंड. विसाव्या शतकात तर एका लोकप्रिय लेखकाने पाकालच्या शवपेटीवरील शिल्प पाहून हा अंतराळयानात बसलेला परग्रहवासी आहे, असे सांगितले आणि पुस्तके लाखांनी खपविली.

याला सणसणीत अपवाद ठरले जॉन लॉईड स्टीफन्स हे अमेरिकन प्रवासी. चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांच्यासह ते १८३९ मध्ये कोपानला पोहोचले. ते अवशेष त्यांनी जमीनमालकाकडून ५० डॉलरला घेतले. स्तंभांवरील लेख त्यांना वाचता येत नव्हते. पण त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, की ही कामे दुसऱ्या कोणाची नव्हेत. या भूमीवर राहणाऱ्या लोकांच्याच पूर्वजांची आहेत, आणि त्यांचा इतिहास या लेखांत कोरलेला आहे.

आता मयासुराकडे येतो. सज्जनहो, सभापर्वातील मय दानव हे आपल्या वाङ्मयातील एक अद्भुत पात्र आहे. पण मायांचे राजे, देवता, धान्ये, अंक, भाषा यांपैकी कशाचाही संबंध भारताशी जोडणारा पुरावा नाही. भाषेचे कुळ सर्वस्वी वेगळे. तिथे तांदूळ नव्हता, घोडा नव्हता, रथ तर नाहीच नाही. आणि ‘माया’ हे नावही मुळात युकातानपुरते होते. ते सर्व नगरांना आणि सर्व भाषांना सरसकट लावले ते नंतरच्या लोकांनी. त्या नगरांतील माणसे स्वतःला आपापल्या नगराच्या नावाने ओळखीत असत. केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते लावायचे, तर ज्या वृत्तीने त्यांची नगरे इजिप्तच्या नावावर लावली गेली तीच वृत्ती आपण दाखवीत आहोत. आपल्या पूर्वजांचे श्रेय दुसऱ्याला देणारे इतिहासकार आपल्याला खटकतात ना? मग इथे आपण त्या खुर्चीत बसू नये.

‘मला नको’

आता या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. ज्या लांदाने पोथ्या जाळल्या, त्याच लांदाने १५६६ च्या सुमारास युकातानविषयी एक वृत्तान्त लिहिला. त्याची संक्षिप्त नक्कल माद्रिदमध्ये १८६२ साली ब्राझ्योर दे बुर्बूर या फ्रेंच पाद्र्याला सापडली. तीत लांदाने माया ‘मुळाक्षरे’ दिली होती. विद्वान आनंदले. पण त्या अक्षरांनी लेख वाचू गेले, तर काहीच अर्थ लागेना. लांदाने फसविले, असा निष्कर्ष निघाला.

घडले होते असे. लांदाने एका सुशिक्षित माया गृहस्थाला समोर बसवून स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारली आणि ‘ही तुमच्या लिपीत लिही’ म्हटले. स्पॅनिशमध्ये ‘ब’ला ‘बे’ म्हणतात. माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. त्या गृहस्थाने वाटेवरच्या पाऊलखुणेचे चिन्ह काढून दिले. समजा, एखाद्या इंग्रजाने आपल्याला ‘डब्ल्यू’ लिहा म्हटले आणि आपण देवनागरीत ‘डब्ल्यू’ असे लिहून दिले, आणि त्या साहेबाने त्या सगळ्या जोडाक्षराला एक ‘व’ समजून टिपून ठेवले, तर? नेमके तसेच. बराच वेळ हा प्रकार चालल्यावर लांदाने त्याला हवे ते एखादे वाक्य लिहायला सांगितले. त्याने लिहिले, ‘मा इन काति.’ अर्थ : ‘मला नको.’ कंटाळलेल्या, कदाचित चिडलेल्या त्या माणसाचे हे तीन शब्द लांदाने इमानेइतबारे उतरवून घेतले.

यातले मर्म ओळखणारा माणूस निघाला तो लेनिनग्राडमध्ये. युरी क्नोरोझोव. युक्रेनमध्ये जन्मलेला, तीस वर्षांचा, मायाभूमी कधी डोळ्यांनी न पाहिलेला. (कम्युनिस्ट राजवटीतील विद्वानाची स्तुती माझ्या तोंडून ऐकून काहींना नवल वाटेल. पण श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.) १९५२ मध्ये त्याने लेख प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे होते. लांदाची चिन्हे मुळाक्षरे नाहीत. ती ‘का, कु, लु’ अशी स्वरयुक्त अक्षरे आहेत, आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला स्वर उच्चारायचा नाही.

मराठी माणसाला हे समजायला क्षणही लागू नये! आपण ‘घर’ असे लिहितो. लिहिताना ‘र’मध्ये ‘अ’ असतो, बोलताना नसतो. युरोपीय विद्वानांना हा नियम विचित्र वाटला.

क्नोरोझोवने पडताळा दिला. पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे आहेत. पहिले लांदाच्या यादीतले ‘कु’. युकातानच्या भाषेत या पक्ष्याला ‘कुच’ म्हणतात. हा ‘च’ आपल्या ‘चमचा’तला. मग दुसरे चिन्ह ‘चु’ असले पाहिजे. आता कुत्र्याच्या चित्रावर पाहा. पहिले चिन्ह हेच ‘चु’, आणि दुसरे लांदाच्या यादीतले ‘लु’. वाचा : ‘चुल’. आणि जुन्या युकातेक शब्दकोशांत ‘चुल’ म्हणजे कुत्रा! चिन्हे खरे बोलत होती.

मायाविद्येतील त्या काळचे सर्वश्रेष्ठ नाव एरिक थॉम्पसन. त्यांनी क्नोरोझोवची टर उडविली. लेखांत राजे नाहीत, इतिहास नाही. शांतताप्रिय पुरोहितांनी केलेले काळाचे चिंतन तेवढे आहे, असे त्यांचे मत. त्यांचा दरारा एवढा, की १९७५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत बहुतेक पाश्चात्त्य विद्वान क्नोरोझोवच्या वाटेला गेले नाहीत. परंतु तात्याना प्रोस्कुरियाकोफ या विदुषीने १९६० मध्ये पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांवरील तिथ्यांचा हिशेब मांडला. स्तंभांच्या प्रत्येक गटातील तिथ्यांचा पल्ला एका मनुष्याच्या आयुष्याएवढाच होता. जन्म, राज्यारोहण, आणि मग पुढचा गट, पुढचा राजा. पुरोहितांचे चिंतन कसले, या तर राजवंशावळी होत्या. थॉम्पसन यांनीही हे मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा. १९७३ मध्ये पालेंकेच्या परिषदेत लिंडा शेले, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी एका दुपारच्या बैठकीत तिथल्या राजांची मालिका लावून दाखविली.

उरलीसुरली शंका एका मडक्याने मिटविली. रिओ आसुल येथील थडग्यात १९८४ मध्ये फिरवून बसविण्याच्या झाकणाचे एक भांडे सापडले. त्यावरची अक्षरे डेव्हिड स्टुअर्ट यांनी वाचली, ‘काकाव’. भांड्याच्या तळाचा साका प्रयोगशाळेत तपासला, तर तो खरोखर कोकोचा निघाला.

दगड बोलू लागले तेव्हा

लेख वाचता येऊ लागल्यावर जे समजले, ते सगळेच सुखद नव्हते. पाकाल बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि अडुसष्ट वर्षे राज्य करून गेला. त्याची समाधी मंदिराच्या पोटात आल्बेर्तो रूस यांनी १९५२ मध्येच शोधली होती. कोपानच्या एका भव्य जिन्यावर सुमारे २,२०० अक्षरचिन्हांत राजघराण्याचा इतिहास कोरलेला आहे. पण त्याच कोपानचा थोर राजा ७३८ मध्ये किरिगुआ या आपल्याच मांडलिक नगराच्या हाती सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. तिकाल आणि कालाकमुल यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. ६९५ मध्ये तिकालच्या हासाव चान काविल या राजाने कालाकमुलचा पराभव केला. बंदिवानांचे बळी दिले जात. राजे आणि राण्या स्वतःची जीभ वा कान टोचून देवतेला रक्त अर्पण करीत. याशचिलानच्या शिल्पात राणी काबाल शोक आपल्या जिभेतून काटेरी दोर ओढताना स्पष्ट दिसते. शांत ऋषींचा समाज हे चित्र जितके खोटे, तितकेच नुसत्या रक्तपिपासूंचे चित्रही. ही माणसे होती.

नवव्या शतकात दक्षिणेकडील नगरे एकामागून एक ओस पडली. तिकालचा शेवटचा तिथियुक्त स्तंभ ८६९ चा, आणि दीर्घ गणनेतली शेवटची तिथी तोनिना येथे ९०९ ची. सरोवरांच्या गाळातून त्या काळी दीर्घ अवर्षणे पडल्याचे दिसते. त्यात अखंड युद्धे, वाढलेली लोकसंख्या, आणि पाऊस पाडण्याची हमी देणाऱ्या राजांवरचा उडालेला विश्वास. कोणते कारण किती, यावर विद्वानांत वाद आहेत. मात्र ‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले’ हे वाक्य ज्या पुस्तकात असेल ते खुशाल मिटून ठेवावे. लोक उत्तरेला गेले, डोंगराकडे गेले, खेड्यांत राहिले. त्यांचे वंशज आज आहेत.

आजमितीला सुमारे तीस माया भाषा बोलल्या जातात आणि बोलणारे काही दशलक्ष आहेत. त्यांच्यावरील संकटेही सोळाव्या शतकात संपली नाहीत. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात यादवी युद्ध झाले. त्यात सुमारे दोन लाख लोक मारले गेले वा बेपत्ता झाले. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने झालेल्या चौकशीने नोंदविले, की ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हे स्पॅनिश साम्राज्याने केले नाही. स्वतंत्र देशाच्या सैन्याने आपल्याच नागरिकांवर केले. किचे या माया समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, त्याची पार्श्वभूमी ही आहे. ग्वाटेमालात १९९० मध्ये कायद्याने माया भाषांची अकादमी स्थापन झाली. लिंडा शेले आणि त्यांचे सहकारी प्राचीन लिपीच्या कार्यशाळा घेऊ लागले आणि माया तरुण-तरुणी आपल्या पूर्वजांची अक्षरे पुन्हा गिरवू लागल्या. शिकविणारे परदेशी होते खरे, पण एखाद्या शब्दावर अडले की ते शिकणाऱ्यांनाच विचारीत : ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’

क्नोरोझोवला मायाभूमी पाहायला मिळाली ती वयाच्या सत्तरीकडे झुकल्यावर. दगडावरचे लेख त्याला प्रत्यक्ष दिसले तोवर जग ते वाचू लागले होते.

आणि एक गोष्ट लिपीशिवायही टिकली. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात मोमोस्तेनांगो नावाचे गाव आहे. तिथे ‘आहकिह’ म्हणजे दिवस मोजणारे गृहस्थ आणि स्त्रिया आहेत. २६० दिवसांचे चक्र ते तोंडी मोजत आले. पोथ्या जळाल्या तेव्हाही मोजत होते, नोहपेतेन पडले तेव्हाही आणि यादवीतही. पुढे विद्वानांनी शिलालेखांतील तिथ्यांचा आपल्या कालगणनेशी मेळ घातला, तेव्हा दगडावरचा दिवस आणि मोमोस्तेनांगोच्या आजोबांनी बोटावर मोजलेला दिवस एकच निघाला. एवढ्या शतकांत एकही दिवस चुकला नव्हता. त्यांच्या गणनेत ‘आठ बात्स’ हा मोठा सण असतो. त्या दिवशी नव्या दिवसमोजणाऱ्यांना दीक्षा देतात, टेकडीवरच्या वेदींपाशी धूप जाळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा दिवस मोजायला घेतात.